कोर्टाचा कागद चुलीत घालू नका

शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. 1874 च्या डिसेंबर महिन्यात तिथं एका देशमुखाच्या घरावर सावकार चालून गेला. काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नाही, दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन. कालूराम असं त्या सावकाराचं नाव सरकारी अहवालात आलेलं आहे. कर्जाच्या दाव्यात त्यानं हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या अंमलबजावणीत देशमुखाचं राहतं घर पाडायला घेतलं. गाव खवळलं. याचं शेत कुणी करायचं नाही, याच्या घरी कुणी पाणी भरायचं नाही, याच्या दुकानात पाय ठेवायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ही बातमी आजूबाजूच्या गावांत पोचली आणि तिथंही सावकारांवर बहिष्कार पडायला लागला.

पुढं 12 मे 1875 ला सुप्यात भडका उडाला. आपल्या यवतवरून चौफुल्याला गेलं की मोरगावच्या रस्त्याला सुपं लागतं, तेच हे सुपं. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं मागितली आणि हाताला लागली तेवढी जाळली. तिथून लोण नगर जिल्ह्यात गेलं. तीसपेक्षा जास्त गावं उठली, 951 लोकांना अटक झाली. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दंगा म्हटलं की माणसं विनाकारण पिसाळली असं वाटतं. पण त्यांनी काय जाळलं ते बघा. त्यांचा राग कागदावर होता.

तो राग कुठून आला? 1859 साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जखत तीन वर्षंच चालेल, पुढं नाही, असं त्यात होतं. हेतू असा की व्याज साचू नये. सावकारानं त्याचा उलटा उपयोग केला. दर तीन वर्षांनी तो नवीन खत लिहून घ्यायचा, आणि मागची मुद्दल अधिक व्याज मिळून नवी मुद्दल व्हायची. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, त्यानं नांगराची खूण केली की झालं. मग सावकार कोर्टात जायचा. कोर्ट फक्त खत बघायचं. त्या खताच्या मागं किती खतं आहेत, मूळ पैसे किती दिले होते, हे कुणी विचारायचं नाही. शेतकरी बहुतेक वेळा कोर्टात हजरच व्हायचा नाही. एकतर कळायचं नाही, नाहीतर भीती वाटायची, नाहीतर दिवस मोडायचा. तो आला नाही म्हणून निकाल एकतर्फी लागायचा. पुढं जप्ती, लिलाव, नाहीतर कर्जापायी थेट कैद.

तो लढा मुख्यतः कुणबी शेतकऱ्यांचा होता, आपला नव्हता, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ज्या पद्धतीनं त्यांच्या जमिनी गेल्या त्याच पद्धतीनं पुढं ठाकर, कातकरी, महादेव कोळी, भिल्ल, पारधी यांच्या गेल्या. म्हणून हे आपल्या घरचंच आहे असं समजून वाचा.

आता मुद्द्यावर येतो. त्या शेतकऱ्यांनी खतं जाळली, कारण खत जाळलं की पुरावा जातो. हुकूमनाम्याचं तसं नाही. तुमच्या हातात येतो तो उतारा, नाहीतर नोटीस. अस्सल कोर्टाच्या दप्तरात असते. तुम्ही तो चुलीत घातला, नदीत सोडला, बेलिफाच्या अंगावर फेकला, तरी कोर्टात तो जसाच्या तसा राहतो. नुकसान फक्त तुमचं होतं, कारण त्या कागदावरची तारीख आणि दाव्याचा नंबर तुमच्याकडून जातो. आपल्या वस्त्यांवर आजही कागद आला की म्हातारी माणसं म्हणतात, घेऊ नको, सही करू नको, घेतला नाही तर काय करणार ते? ही समजूत घातक आहे आणि म्हणून या अंकाचं संपादकीय यावर आहे. कायद्याचं कलम पाठ करण्यापेक्षा कागद कसा चालतो हे कळलं पाहिजे.

दिवाळी झाली की आपली निम्मी वस्ती रिकामी होते. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी केडगाव-यवत पट्ट्यातल्या गुऱ्हाळावर. घराला कुलूप, नाहीतर एखादी आजी मागं राहिलेली. अशा वेळी कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन येतो. समन्स म्हणजे तुमच्यावर दावा लागलाय, अमुक तारखेला या, असा कोर्टाचा निरोप. तुम्ही सापडला नाहीत तर घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाकडं, बाईमाणूस असलं तरी, तो समन्स देता येतो. कुणी घेतलाच नाही, नाहीतर कुणी भेटलंच नाही, तर बेलिफ तो दाराला चिकटवतो आणि कोर्टाला तसा अहवाल देतो. कोर्टाला तो अहवाल पटला की समन्स बजावला असं धरलं जातं. म्हणजे तुम्ही नाही घेतला म्हणून दावा थांबत नाही. उलट तुमची बाजू ऐकायची राहून जाते. तारखेला तुमच्या नावाचा पुकारा होतो, तुम्ही नसता, आणि कोर्ट दावा एकतर्फी चालवायचा हुकूम करतं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. एकतर्फी चालवायचा हुकूम झाला म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात, गैरहजेरीचं योग्य कारण दिलंत, तर कोर्ट तुम्हाला आत घेऊ शकतं आणि तुमची कैफियत मांडायला परवानगी देऊ शकतं. म्हणून उशीर झाला, आता जाऊन काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नये.

निकाल लागतो तेव्हा दोन कागद तयार होतात. एक न्यायनिर्णय. त्यात न्यायाधीश कारणं लिहितात, कोण काय म्हणालं, कुणाचं का पटलं. दुसरा हुकूमनामा. तो छोटा असतो आणि निकालापासून 15 दिवसांत तयार व्हावा असा नियम आहे. त्यात दाव्याचा नंबर, दोन्ही बाजूंची नावं, जमिनीचा गट नंबर आणि चतुःसीमा, काय द्यायचं, कुणी द्यायचं, खर्च कुणावर, एवढंच असतं. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते. म्हणून निकालाची गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकून थांबू नका, दोन्हीची नक्कल मागा. गट नंबर आणि क्षेत्र आपल्या सातबाराशी ताडून बघा. आकडा चुकलाय, लिहिण्यात चूक झालीय असं असेल तर ती चूक कोर्टाकडून कधीही दुरुस्त करून घेता येते. पण चूक लिहिण्यातली असली पाहिजे. निकाल मान्य नाही ही लिहिण्यातली चूक होत नाही.

(1998 पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे असं म्हणतात. आहे खरी. पण ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याला 'निर्णीत ऋणको' म्हणायचं आणि तो कागद कातकरी बाईच्या हातात द्यायचा, ही कसली मराठी? मी बारावी शिकलोय, मलासुद्धा तो शब्द तीनदा वाचावा लागला.)

हुकूमनामा झाला की तो आपोआप चालायला लागत नाही. ज्याच्या बाजूनं झाला त्याला कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. दरखास्त करायला बारा वर्षांची मुदत आहे. बारा वर्षं! म्हणजे आज तुमच्याविरुद्ध जमिनीच्या ताब्याचा हुकूमनामा झाला आणि पाच वर्षं कुणी फिरकलं नाही, तर प्रकरण मिटलं असं समजायचं नाही. दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त आली तर आधी तुम्हाला नोटीस काढावी लागते, का अंमलबजावणी करू नये ते सांगा म्हणून. ही नोटीस पुष्कळदा आपल्या हातात पहिल्यांदा पडणारा कागद असते, कारण मूळ दाव्याचा समन्स कुणाच्या तरी कुडाच्या भिंतीला चिकटून पावसात वाहून गेलेला असतो. म्हणून नोटिशीवर 'दरखास्त' हा शब्द दिसला की समजायचं, मागं कुठंतरी हुकूमनामा झालेला आहे. त्याच दिवशी नंबर लिहून घ्यायचा.

हुकूमनामा हातात आहे म्हणून समोरच्याला स्वतः जेसीबी आणून झोपड्या पाडायचा हक्क मिळत नाही. ताबा कोर्ट देतं, बेलिफामार्फत, ताब्याचं वॉरंट काढून. पोलीस लागले तर तेही कोर्टाच्या सांगण्यावरून येतात. म्हणून कुणी चार गाड्या भरून माणसं आणली आणि झेरॉक्स फडकवली, की पहिला प्रश्न विचारायचा, बेलिफ कोण आहे? वॉरंट कुठं आहे? दरखास्तीचा नंबर काय? अंगावर जायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. नावं, गाडीचे नंबर, वेळ लिहून घ्यायची. आपल्या बाया हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात, असा आमचा अनुभव आहे.

पैशाचा हुकूमनामा असेल तर जप्ती येते. पण सगळं जप्त करता येत नाही. अंगावरचे आणि नेहमीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची शेतीची अवजारं, पोटापुरती लागणारी जनावरं आणि बी-बियाणं हे कायद्यानं सोडलेलं आहे. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं स्वतःचं राहतं घरसुद्धा पैशाच्या हुकूमनाम्यात साधारणपणे जप्त करता येत नाही. करड्याच्या देशमुखाला हे संरक्षण असतं तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येत नाही. आणि ज्याच्याकडं खरोखरच नाही त्याला नुसता गरीब आहे म्हणून दिवाणी कैदेत टाकता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1980 सालीच सांगितलेलं आहे. जो कुणी 'पैसे भर नाहीतर उद्या आत घालतो' म्हणून धमकावतो त्याला हे माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं, एवढाच फरक.

आता आदिवासीच्या जमिनीबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 36-अ आहे. 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं जायची असेल तर कलेक्टरची आधी परवानगी लागते, आणि विक्रीसारख्या बाबतीत त्याला सरकारचीही मंजुरी लागते. यात एक कंस आहे तो सोन्यासारखा आहे. विक्री म्हणजे 'दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत झालेली विक्री धरून'. म्हणजे सावकारानं उसने दिल्याचा दावा लावला, एकतर्फी हुकूमनामा घेतला, तुमची जमीन लिलावात काढली आणि स्वतःच्या मेहुण्याच्या नावावर घेतली, तरी मेहुणा बिगर-आदिवासी असेल तर परवानगीशिवाय ती विक्री टिकत नाही. त्याआधीच्या, म्हणजे 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातल्या हस्तांतरणासाठी जमिनी परत करायचा वेगळा कायदा झाला. त्याला मोठ्या लोकांनी आव्हान दिलं, पण 1984 साली सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला. ज्यांच्या आज्यापणज्याची जमीन त्या काळात गेली त्यांनी जुने फेरफार काढून ठेवावेत.

मग हुकूमनामा फिरवायचा कसा? इथं मुदती फार कडक आहेत.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर ज्या कोर्टानं तो केला त्याच कोर्टात तो रद्द करायचा अर्ज करायचा. मुदत 30 दिवस. समन्स नीट बजावला असेल तर हे 30 दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स बजावलाच नसेल तर तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून. म्हणून माहिती कधी झाली, कुणाकडून झाली, कुठला कागद बघून झाली हे सांगता आलं पाहिजे. 'मला आत्ताच कळलं' एवढं पुरत नाही. ऊसतोडीला होतो म्हणता, तर मुकादमाची वही, कारखान्याची पावती, मुलाचा साखरशाळेतला दाखला, काहीतरी दाखवा. आणखी एक. समन्सच्या बजावणीत बारीकसारीक दोष आहे एवढ्यावर कोर्ट हुकूमनामा रद्द करणार नाही, जर तुम्हाला तारीख माहीत होती आणि यायला वेळ होता असं दिसलं तर. म्हणजे बाजारात वादी भेटला, 'तारीख आहे ये' म्हणाला, दहा माणसांसमोर, आणि तुम्ही हसून सोडलं, तर पुढं ते अंगाशी येऊ शकतं.

दुसरा रस्ता अपील. दौंड-शिरूरच्या खालच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात, 30 दिवसांत. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज आधी आणि बाकीचं नंतर. उशीर झाला असेल तर उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यायची तयारी ठेवा. दोन्ही रस्ते धरायचे असतील तर वकिलाला विचारून धरा. आधी अपील केलं आणि ते निकाली निघालं, तर मग एकतर्फी रद्द करायचा अर्ज चालत नाही.

अपील केलं म्हणजे ताबा थांबला असं अजिबात नाही. यात आपली कितीतरी माणसं फसतात. वकील म्हणतो अपील दाखल झालं, माणूस निर्धास्त घरी येतो, आणि पंधरा दिवसांनी बेलिफ दारात. अपिलाबरोबर स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो, आणि मंजूर हुकमाची नक्कल दरखास्त चालली आहे त्या कोर्टात नेऊन द्यावी लागते. कोर्ट स्थगिती देताना काही रक्कम भरायला किंवा हमी द्यायला सांगू शकतं.

स्थगिती आणि रद्द यातला फरक आपण 2019 साली अंगावर घेतलेला आहे. 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं हुकूम केला की ज्यांचे वनहक्काचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून काढा. देशभरात दहा लाखांहून जास्त दाव्यांचा प्रश्न होता. सरकारचा वकील त्या सुनावण्यांना उभासुद्धा नव्हता अशी तेव्हा मोठी टीका झाली. म्हणजे आपल्या वतीनं बोलायला कुणी नाही आणि निकाल आपल्यावर. एकतर्फी म्हणजे काय ते अख्ख्या देशाच्या आदिवासींना एकदम कळलं. मोर्चे निघाले, केंद्र सरकार कोर्टात गेलं, आणि 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टानं आपला हुकूम थांबवून ठेवला. राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना तुम्ही नियम पाळले का? आपण गुलाल उधळला. उधळायलाच पाहिजे होता. पण तो हुकूम थांबवलेला होता, पुसलेला नव्हता. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला काढता येत नाही, हा आपला खरा आधार आहे, आणि तो टिकवायचा तर फेटाळलेल्या दाव्यांवर अपिलं झाली पाहिजेत. ज्या गावांनी ती केली नाहीत त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर पहिलं काम ते करावं.

अपिलात हुकूमनामा फिरला आणि तोपर्यंत ताबा गेलेला असेल, तर जमीन परत मिळवायला नवा दावा लावायची गरज नाही. ज्या कोर्टानं हुकूमनामा केला त्याच कोर्टाकडं पूर्वस्थितीचा अर्ज करता येतो. फिरलेल्या हुकूमनाम्याखाली जे घेतलं ते परत द्यायला लावायचं कोर्टाचं कामच आहे.

आणखी एक डाव आपल्या भागात खेळला जातो. जमिनीवर राबतो आपला माणूस, पण दावा चालतो दोन भलत्यांमध्ये. एक म्हणतो माझी, दुसरा म्हणतो माझी, चार तारखांत दोघं तडजोड करतात आणि कोर्ट तडजोडीचा हुकूमनामा देतं. तो घेऊन फेरफाराला जातात. आपल्याला कळतं ते मोजणीवाले आल्यावर. अशा वेळी घाबरायचं नाही. जो दाव्यात पक्षकार नव्हता आणि स्वतःच्या हक्कानं जमिनीवर आहे त्याला तो हुकूमनामा बांधत नाही. ताबा द्यायला आले तर शांतपणे हरकत घ्यायची आणि बेलिफाला ती पंचनाम्यात लिहायला लावायची. मग तुमचा हक्क काय हे तेच दरखास्तीचं कोर्ट तपासतं, वेगळा दावा लावा म्हणून हाकलू शकत नाही. काढून टाकलंच असेल तर ताबा परत मिळायचा अर्ज 30 दिवसांत करायचा. फेरफाराची नोटीस आली असेल तर तलाठ्याकडं लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेली हरकत कुठं राहत नाही.

खोटा कागद दाखवून, खरी गोष्ट लपवून कोर्टाला फसवलं असेल तर? चेंगलवराया नायडू यांच्या खटल्यात 1993 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोर्टाची फसवणूक करून मिळवलेला हुकूमनामा मुळातच शून्य असतो. ऐकायला छान वाटतं. पण फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि तो हुकूमनामा रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. नुसतं 'आमाला फशीवलं' म्हणून चालत नाही.

लोकअदालतीबद्दल दोन शब्द. तिथं पैसे लागत नाहीत, लवकर मिटतं, चांगली सोय आहे. पण तिथं झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचीच ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. समोरचा म्हणतो 'चल दादा, सही कर, चहा पिऊ'. तो चहा फार महाग पडू शकतो. वाचून दाखवल्याशिवाय, आपल्या बोलीत समजल्याशिवाय अंगठा नाही.

संघटनेत काही जुने कार्यकर्ते म्हणतात, कोर्ट हे त्यांचं, कायदा त्यांचा, आपण कशाला त्या दारात जायचं, आपली ताकद रस्त्यावर. त्यांचा मान ठेवून सांगतो, हे अर्धंच बरोबर आहे. 1875 ला रस्त्यावरची ताकद नसती तर चौकशी कमिशन बसलं नसतं, आणि 1879 चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला नसता. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यानं कोर्टाला सांगितलं की नुसतं खत बघू नका, मागचा सगळा व्यवहार खणून काढा, शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याची कैद बंद झाली, आणि गहाण न ठेवलेली जमीन अशा हुकूमनाम्यात विकणं बंद झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली कितीतरी वर्षं काम केलं. पण त्या कायद्याचा फायदा कुणाला झाला? जो कोर्टात उभा राहिला आणि बोलला त्याला. जो आलाच नाही त्याची जबानी कोण घेणार? सावकारांनीही वाटा शोधल्या, कर्जाऐवजी जमिनीची खोटी विक्री लिहून घ्यायला लागले. ती चाल तर आपल्या डोळ्यांसमोर आजही चालू आहे. म्हणून मोर्चा पाहिजेच, आणि तारखेला हजेरीही पाहिजे. मोर्च्याच्या दिवशी ज्याची तारीख असेल त्यानं मोर्चा सोडून कोर्टात जायचं, त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत.

पैशाचं कारण सांगू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12 आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जातीचा दाखला आणि कोर्टाचा कागद घेऊन अर्ज करायचा. दाखला हाताशी नसेल तरी जा, आपलं म्हणणं लेखी द्या. 15100 या नंबरावर फोन करून विचारताही येतं. फुकटचा वकील नीट काम करत नाही अशी तक्रार आपल्याकडं येते. काही वेळा ती खरी असते. मग समितीकडं लेखी तक्रार करून वकील बदलून मागा. पैसे घेणारा वकीलही झोपतो, आमच्या ओळखीत एका वस्तीचा दावा असाच गेला, फी भरलेली असताना.

आता काय करायचं ते. प्रत्येक वस्तीवर एक शंभर पानी वही ठेवायची. आलेला प्रत्येक कागद, कोर्टाचा असो, तहसीलचा असो, वनखात्याचा असो, नाहीतर नुसती वकिलाची नोटीस असो, त्यात उतरवायचा. कागद आल्याची तारीख, कुणी आणला, कुणाच्या हातात दिला का दाराला लावला, नंबर, पुढची तारीख. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींनी हे काम घ्यावं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव त्याच वहीच्या मागच्या पानावर. दाराला चिकटवलेला कागद ओढून फाडायचा नाही. आधी फोटो काढायचा, मग अलगद काढून वहीत ठेवायचा. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवायचं की कागद घ्या, अंगठा द्या, घेतला म्हणजे कबूल केलं असं होत नाही, फक्त मिळाला एवढंच होतं.

कोर्टाकडंही आपलं मागणं आहे, ते आपण लेखी देणार आहोत. वस्तीवर समन्स चिकटवताना वस्तीतलाच एक साक्षीदार घ्यावा, लांबच्या गावातला ठराविक पंच नको. आणि स्थलांतराच्या महिन्यांत घराला कुलूप दिसलं तर माणूस कुठं गेलाय ते शेजाऱ्याला विचारून बेलिफानं अहवालात लिहावं. या निवेदनावर सह्या आणि अंगठे पाहिजेत. वहीत ज्यांच्याकडं जुने एकतर्फी हुकूमनामे निघतील त्यांनी त्याची झेरॉक्स येत्या बाजाराच्या दिवशी यवतला आणावी. अस्सल नक्कल घरीच ठेवा, कुणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा नाही.